प्लॅस्टिक सर्जरी : हौस कोणती आणि गरज कोणती?

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)
वक्ते : कृषी विस्तार अधिकारी, बी.एस्सी. (कृषी)



दर खेपेला मी तुमच्याशी बी-बियाणं, खतं, फवारणी यांवर बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. तुम्ही म्हणाल, शेतीखात्याचा माणूस ऑपरेशनवर काय बोलणार? खरं आहे. मी डॉक्टर नाही आणि डॉक्टरांचं काम मी करणार नाही. पण माझ्या हातून झालेली एक चूक तुम्हाला सांगायची आहे, म्हणजे ती तुमच्या घरी होणार नाही.

काही वर्षांपूर्वी सोयाबीनच्या शेतीशाळेसाठी मी एका गावी गेलो होतो. बैठक संपल्यावर एक शेतकरी आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. चुलीवरचं उकळतं पाणी सांडून तिचा उजवा हात भाजला होता. जखम भरली होती, पण कोपराच्या आतल्या बाजूला जाड, ताठ कातडी आली होती आणि हात सरळ होत नव्हता. ते म्हणाले, "साहेब, डॉक्टर प्लॅस्टिक सर्जरी करा म्हणतात. ती तर सिनेमावाले करतात. आपल्याला कशाला हवीत असली थेरं?" मीही बेफिकिरीनं बोलून गेलो, "वाढीचं वय आहे, सुटेल हळूहळू."

दोन वर्षांनी त्याच गावी ती मुलगी पुन्हा दिसली. हात सुटला नव्हता, उलट जास्त आखडला होता. कोपर काटकोनात अडकलं होतं. वेणी घालता येत नव्हती, हंडा उचलता येत नव्हता. कारण साधं आहे. चांगली कातडी मुलाबरोबर वाढते, भाजल्याच्या व्रणाची कातडी तशी वाढत नाही. मूल वाढत जातं आणि व्रण त्याला दोरीसारखा मागं ओढतो.

त्या दिवसापासून मी या विषयाची माहिती काढू लागलो. आज ती तुमच्यापुढं ठेवतो.

नाव फसवं आहे

पहिली गोष्ट म्हणजे, या शस्त्रक्रियेत प्लॅस्टिक वापरतात म्हणून तिला हे नाव पडलेलं नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणं, आकार देणं असा आहे. कुंभार मातीला आकार देतो, तसं हे काम.

आणि ही विद्या परदेशातून आपल्याकडं आली असंही समजू नका. सुश्रुतसंहितेत कापलेलं नाक नव्यानं घडवण्याची रीत सांगितली आहे. पुढची हकीगत तर आपल्या माणसाचीच आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठी गाडीवान बैल हाकत होता. तो जातीनं शेतकरी, असं त्या वेळच्या मजकुरात लिहिलं आहे. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या माणसानं त्याला नवं नाक बसवून दिलं. मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या मापानं घ्यायचा, तो कपाळावर पसरून रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची आणि दोन भुवयांमध्ये तिचा सांधा तसाच ठेवून ती खाली वळवून बसवायची. साधारण पंचविसाव्या दिवशी तो सांधा कापायचा. ही सगळी हकीगत चित्रासह ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जननं अभ्यास केला, १८१४ मध्ये तिकडं हे ऑपरेशन केलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे एका शेतकरी गाडीवानाच्या नाकावरून सगळं युरोप ही विद्या शिकलं. तेव्हा "हे आपल्यासारख्यांचं काम नाही" असं आपण तरी म्हणू नये.

हे ऑपरेशन म्हणजे कलमच

तुम्ही कलमं बांधता, म्हणून तुम्हाला हे चटकन समजेल.

एक पद्धत डोळा भरण्यासारखी. मांडीची पातळ कातडी काढायची आणि जखमेवर बसवायची. यालाच त्वचारोपण म्हणतात. मांडीची जागा साधारण दोन आठवड्यांत आपोआप भरून येते. डोळा बांधल्यावर तो हलला तर कलम जसं फुकट जातं, तसंच इथंही आहे. पहिले काही दिवस ती जागा अजिबात हलू द्यायची नाही.

दुसरी पद्धत भेट कलमासारखी. आंब्याची फांदी झाडावरच ठेवून आपण ती रोपाला बांधतो, जीव धरला की मगच कापतो. जिथं हाड किंवा शीर उघडी पडली असेल, तिथं नुसती पातळ कातडी जगत नाही. तिथं रक्तपुरवठ्यासकट जाड कातडी वळवून आणावी लागते. कावसजीचं नाक असंच झालं होतं.

लक्षात ठेवा, कायमची कातडी रोग्याच्या स्वतःच्याच अंगाची लागते. दुसऱ्याची कातडी अंग धरून ठेवत नाही. आणि विडी-तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर ती बंद, म्हणजे बंद.

मग गरज कशाला म्हणायची?

डोक्यावर केस लावून घेणं, सरळ असलेलं नाक आणखी टोकदार करणं, सुरकुत्या ओढून घेणं ही हौस झाली. ज्याला करायचं त्यानं आपल्या पैशानं करावं. त्याला नावं ठेवायचं आपल्याला कारण नाही. पण त्याच सर्जनच्या हातून होणारी दुसरी कामं उपचारात मोडतात. ती ओळखायची कशी? रूपाकडं नंतर बघा, आधी तो अवयव आपलं काम करतो की नाही ते बघा. घरातल्या माणसाबद्दल हे पाच प्रश्न विचारा.

१. मान, खांदा, कोपर, बोटं, गुडघा पूर्ण हलतात का? की भाजल्याच्या किंवा जखमेच्या व्रणानं आखडले आहेत?

२. डोळा झोपेत पूर्ण मिटतो का? भाजल्यानं पापणी ओढली गेली तर डोळा उघडा राहतो, बुबुळ वाळतं, त्यावर जखम होते आणि दृष्टी जाते. हे काम तातडीचं आहे.

३. तोंड नीट उघडतं का? खाणं, पिणं, बोलणं, नाकातून श्वास घेणं जमतं का?

४. जखम तीन आठवड्यांत भरली का? हाड किंवा शीर उघडी दिसते का?

५. जुन्या भाजलेल्या व्रणावर पुन्हा पुन्हा जखम होते का? वर्षानुवर्षं न भरणाऱ्या अशा जखमेत कर्करोगही होऊ शकतो. ती डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर वाईट आलं, तर ती हौस राहिली नाही. तो उपचार आहे आणि तो लांबवायचा नाही.

आपल्या घरी येणारे प्रसंग

भाजणं : भाजल्याबरोबर त्या जागेवर वीस मिनिटं वाहतं, साधं गार पाणी सोडा. बर्फ लावू नका. बांगड्या, अंगठ्या सूज येण्याआधी काढा. स्वच्छ कापडानं झाका आणि दवाखाना गाठा. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, चुना काही लावू नका.

जखम भरत असताना ज्या स्थितीत रोग्याला बरं वाटतं, त्याच स्थितीत अवयव आखडतो, हे ध्यानात ठेवा. मानेला भाजलं असेल तर उशी देऊ नका. हात भाजला असेल तर डॉक्टर सांगतील तशी फळी बांधून तो सरळ ठेवा. रोगी कुरकुर करील, पण दया करून हात दुमडू देऊ नका.

विजेचा धक्का : मोटारपंपाच्या पेटीवर किंवा तुटलेल्या तारेवर बसलेला धक्का वरून बोटाएवढी जखम दाखवतो, पण आतले स्नायू जळून गेलेले असतात. जखम लहान आहे म्हणून घरी थांबू नका. तसाच रुग्णालयात न्या.

यंत्रात हात जाणं : कडबा कुट्टी आणि मळणी यंत्र यांनी आपल्याकडं किती बोटं खाल्ली आहेत, ते तुम्हाला मी सांगायला नको. तुटलेलं बोट किंवा तुटलेला हात पुष्कळदा परत जोडता येतो, पण तो नीट नेला तर. रीत अशी : जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरा. तुटलेला भाग मातीत पडला असेल तर स्वच्छ पाण्यानं हळूच धुवा. ओल्या, पिळलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळा. कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. आता ही पिशवी बर्फ आणि पाणी घातलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते गोठून निकामी होतं. बर्फ गावातल्या थंड पेयांच्या दुकानात मिळतो. १०८ नंबरला फोन करा. हात मनगटाच्या वर तुटला असेल तर सहा तासांच्या आत जोडण्याच्या ठिकाणी पोचायला हवं. बोटं थंड ठेवली तर थोडा जास्त वेळ टिकतात, पण म्हणून वाटेत रेंगाळू नका.

मळणी यंत्रात चेंगरलेला हात दर वेळी जोडता येतोच असं नाही. तरीही निराश होऊ नका. अंगठा गेला तर हाताचं जवळजवळ निम्मं काम जातं, म्हणून गरज पडल्यास पायाचं बोट काढून अंगठ्याच्या जागी बसवतात. खुरप्याची मूठ, बैलाचा कासरा पुन्हा धरता येतो.

फाटलेला ओठ, फाटलेली टाळू : असं मूल जन्मलं की घरात पहिला बोल आईला लागतो, "ग्रहणात भाजी चिरली असशील." बंधूंनो, ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पोटात पहिल्या दोन-तीन महिन्यांत ओठाचे आणि टाळूचे दोन भाग जुळायचे असतात, ते जुळत नाहीत. आईचा यात दोष नाही. टाळू फाटलेली असेल तर दूध नाकातून येतं, मूल पोसत नाही, कान फुटतो आणि बोलणं गेंगाणं होतं. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात आणि टाळूचं वर्षाच्या सुमारास, दीड वर्षाच्या आत करून घ्यावं. तोवर बाळाला उभं धरून, वाटी-चमच्यानं थोडं थोडं दूध पाजावं. "मुलगी आहे, लग्नाच्या वेळी बघू" असं म्हणाल, तर ओठ शिवला जाईल, पण बोलणं सुधारायची वेळ गेलेली असेल.

कुष्ठरोग : औषधानं रोग पूर्ण बरा होतो आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पण उपचाराला उशीर झाल्यानं वाकडी झालेली बोटं औषधानं सरळ होत नाहीत. चांगल्या स्नायूची दोरी वळवून बोटांना जोडली की हात पुन्हा कामाला येतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी आणि मुंबईला डॉ. नोशिर अंतिया यांनी या कामात मोठा वाटा उचलला.

तंबाखूचा कर्करोग : जबडा काढावा लागला तर पायातल्या बारीक हाडाचा तुकडा रक्तवाहिन्यांसह आणून नवा जबडा घडवतात. माणूस पुन्हा जेवतो, बोलतो. पण त्याहून सोपं काय, तर आजच तंबाखूची पुडी टाकून देणं.

पैशाचं काय?

हा खरा प्रश्न. इथंही हौस आणि गरज यांतला फरकच कामाला येतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्या रोग्यांचे उपचार आणि गरजेच्या प्लॅस्टिक सर्जरीचे बरेच प्रकार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन त्याला भेटा. कोणतं ऑपरेशन बसतं ते तो सांगेल. लहान मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं. फाटलेला ओठ, फाटलेली टाळू, वाकडा पाय असं मूल त्या दिवशी घरात लपवू नका, पुढं आणा.

ज्यांनी खासगी आरोग्य विमा घेतला आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. पॉलिसीत "प्लॅस्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही" असं वाक्य असतं आणि तेवढंच वाचून लोक परत येतात. पुढचं वाक्य वाचा. अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतर अवयव पुन्हा घडवण्यासाठी, किंवा तब्येतीला असलेला थेट धोका टाळण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया त्या नकारातून वगळलेली असते. धोक्याच्या कारणासाठी मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला लागतो. तेव्हा डॉक्टरांना विनंती करा, की कागदावर नुसतं 'प्लॅस्टिक सर्जरी' न लिहिता कारण स्पष्ट लिहा : "भाजल्यानं कोपर आखडलं आहे, हात सरळ होत नाही", "पापणी मिटत नाही, डोळ्याला धोका आहे". एका ओळीनं पुष्कळ फरक पडतो. पहिल्या दिवसाचे दवाखान्याचे कागद आणि जखमेचे फोटो जपून ठेवा.

शेतकऱ्याला अपघातात हात, पाय किंवा डोळा कायमचा गमवावा लागला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली मदत मिळते. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लवकर या. उशिरा आलेला अर्ज अडतो.

आधी यंत्राला झाकण

माझ्या खात्याचं काम मी विसरलेलो नाही. मळणी यंत्रात पेंढ्या सरकवायची पन्हळ निदान ९० सें.मी. लांब आणि त्यातली ४५ सें.मी. वरून झाकलेली असावी, म्हणजे हात आत पोचत नाही. कुट्टीच्या चाकाला आणि पट्ट्याला जाळी बसवा. भगिनींनो, पदर खोचून आणि केस बांधून मगच यंत्राजवळ जा. दमलेल्या आणि प्यालेल्या माणसाला यंत्रावर उभं करू नका. लहान मुलांना तर जवळही येऊ देऊ नका.

शेवटी

त्या मुलीचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. मी तिच्या वडिलांकडं गेलो आणि माझं चुकलं असं सांगितलं. आम्ही तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेलं, तिथून मोठ्या रुग्णालयात. सर्जननी व्रण सोडवून मांडीची कातडी बसवली. नंतर सहा महिने रात्री फळी आणि दिवसा व्यायाम. हात बराच सरळ झाला, पण पूर्ण झाला नाही. दोन वर्षं आधी आणली असती तर जास्त मिळालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. वय वाढेल तसं आणखी एक ऑपरेशन लागण्याचा संभव आहे. आता ती स्वतःची वेणी स्वतः घालते. तिचे वडील मला म्हणाले, "साहेब, आम्ही रूपाचं ऑपरेशन समजत होतो, हे तर हाताचं निघालं."

रूपाचंही मी हलकं समजत नाही. भाजलेला चेहरा घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलीचं दुःखही खरंच आहे. तेही डॉक्टरांपुढं मोकळेपणानं मांडा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तुमच्या गावात असं आखडलेलं बोट, उघडा राहणारा डोळा, फाटलेल्या ओठाचं बाळ असेल, तर हे पत्रक त्या घरी वाचून दाखवा आणि त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत सोबत करा. पीक हातचं गेलं तर पुढच्या हंगामात पुन्हा येतं. मुलाच्या वाढीचं वय मात्र पुन्हा येत नाही.

एवढं सांगून आपला निरोप घेतो. रामराम.

लक्षात ठेवा

• अवयव काम करत नसेल तर प्लॅस्टिक सर्जरी हा उपचार आहे.
• भाजल्यावर वीस मिनिटं वाहतं पाणी. दुसरं काही लावू नये.
• तीन आठवड्यांत न भरलेली जखम सर्जनना दाखवावी.
• तुटलेलं बोट ओल्या कापडात, कोरड्या पिशवीत. पिशवी बर्फाच्या पाण्यात.
• ओठाचं ऑपरेशन तीन ते सहा महिन्यांत, टाळूचं दीड वर्षाच्या आत.
• डॉक्टरांच्या कागदावर ऑपरेशनचं कारण स्पष्ट लिहून घ्यावं.